इसार घेतला, मुदत सांगितली नाही

२०२५ च्या मे महिन्यात भारतातील काही लोकांना अमेरिकेतील टेस्ला कंपनीकडून एक पत्र आले. ‘मॉडेल थ्री’ या विजेवर चालणाऱ्या मोटारीसाठी नऊ वर्षांपूर्वी त्यांनी भरलेले एक हजार डॉलर कंपनी परत करीत होती. भारतात काय विकायचे हे निश्चित झाले की पुन्हा कळवू, असा पत्राचा आशय होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ जुलैला, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात त्याच कंपनीचे दालन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उघडले. तेथे मांडलेली गाडी होती ‘मॉडेल वाय’. किंमत सुमारे साठ लाख रुपये. पस्तीस हजार डॉलरची गाडी येणार म्हणून ज्यांनी २०१६ मध्ये इसार दिला, त्यांची रांग दालन उघडण्यापूर्वीच मोडून टाकण्यात आली होती.

नऊ वर्षे गेली, ही यातील दुय्यम तक्रार आहे. नव्या यंत्राच्या उत्पादनाला उशीर होतो, कायदे आडवे येतात, हे शहाण्या ग्राहकाला समजते. खरी तक्रार निराळी आहे. ३१ मार्च २०१६ रोजी कॅलिफोर्नियात त्या मोटारीचे पहिले दर्शन घडले, तेव्हा नोंदणी खुली केलेल्या देशांत भारताचे नाव होते. आठवडाभरात जगभरातून सव्वातीन लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या. अमेरिकेत पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या त्या २०१७ च्या जुलैअखेर. इकडच्या नोंदणीदारांना मात्र आपल्या गाडीविषयी जे काही कळत गेले ते मुख्यत: वर्तमानपत्रांतून, आणि वर्तमानपत्रांना ते कळे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क हे ट्विटरवर कोणा तिऱ्हाइताला देत असलेल्या एका ओळीच्या उत्तरांतून. २०१७ च्या फेब्रुवारीत, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गाडी येण्याची आशा. २०२० च्या ऑक्टोबरात, पुढच्या वर्षी नक्की. २०२१ च्या जानेवारीत बंगळुरात उपकंपनी नोंदली गेली. २०२२ च्या जानेवारीत, सरकारशी अनेक अडचणी चालू आहेत; आणि ते वाचून तेलंगणाच्या मंत्र्यांपासून महाराष्ट्राच्या जयंत पाटलांपर्यंत अनेकांनी आपापल्या राज्यांची निमंत्रणे धाडली. २०२४ च्या एप्रिलात मस्क यांची जाहीर झालेली भारतभेट कामाच्या बोज्यामुळे लांबणीवर पडली. राज्यांचे मंत्री बोलले, केंद्र बोलले, कंपनी बोलली. ज्याचे पैसे गुंतले होते तो या संभाषणात कुठेच नव्हता.

वाद होता आयातशुल्काचा. परदेशातून पूर्ण बांधून येणाऱ्या मोटारीवर त्या वेळी ६० ते १०० टक्के शुल्क होते आणि कंपनीला ते कमी करून हवे होते. एका उद्योगपतीच्या सोयीसाठी केंद्राने ते लगेच उतरवले नाही, यात गैर काही नव्हते. (पुढे २०२४ च्या मार्चमध्ये ४१५० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची अट घालून ते १५ टक्क्यांवर आणण्याची वाट सरकारने मोकळी केली, ही गोष्ट वेगळी.) परंतु शुल्काचा वाद मिटेपर्यंत गाडी येणार नाही, तुम्ही पैसे परत घ्या, एवढे साधे वाक्य २०१७ मध्येच लिहिता आले असते. ते का लिहिले गेले नाही, याचा शोध सौजन्याच्या अभावात घेणे व्यर्थ आहे. तो हिशेबाच्या वहीत घ्यावा लागतो.

सव्वातीन लाख नोंदण्या गुणिले एक हजार डॉलर म्हणजे साडेबत्तीस कोटी डॉलर. कारखान्यातून एकही गाडी बाहेर पडण्यापूर्वी हाती आलेली, बिनव्याजी, बिनमुदतीची रक्कम. २०१६ च्या अखेरच्या ताळेबंदात कंपनीने ग्राहकांच्या अनामती ६६ कोटी डॉलरच्या वर दाखवल्या. त्यांत तिच्या इतर मालाच्या अनामतीही होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या मोटारीचे उत्पादन लवकर वाढवण्याचे कारण देऊन कंपनीने नवे भाग विकून भांडवल उभारले, आणि नोंदण्यांचा विक्रमी आकडा भांडवलबाजाराला सांगण्यात तिने कसलीही कुचराई केली नव्हती. म्हणजे रांग किती लांब आहे हे भागधारकाला ठाऊक होते. त्या रांगेत आपण कुठे उभे आहोत हे रांगेतल्या माणसाला ठाऊक नव्हते.

भारतीय नोंदणीदाराच्या बाजूने पाहू. एप्रिल २०१६ मध्ये डॉलर सुमारे ६६ रुपयांना मिळे, २०२५ च्या मेमध्ये तो ८५ रुपयांच्या आसपास होता. त्यामुळे ६६ हजार भरले आणि ८५ हजार परत आले, असे काहींना वाटले असेल आणि थोडे समाधानही झाले असेल. हे समाधान रुपयाच्या घसरणीने दिलेले आहे. त्यात कंपनीचे औदार्य शोधू नये. तीच रक्कम दरसाल ७ टक्के चक्रवाढ व्याजाने बँकेत राहिली असती, तर नऊ वर्षांत एक लाख एकवीस हजारांच्या पुढे गेली असती. मधला फरक हा न मागता दिलेल्या कर्जाचा मोबदला होय, आणि तो ऋणकोने स्वत:कडेच ठेवला. बँकेकडून कर्ज घेताना मुदत, व्याज, तारण, तीन-तीन महिन्यांचा हिशेब हे सारे मान्य करणारा कारखानदार ग्राहकाकडून कर्ज घेताना एक पावती फाडतो. गावातल्या जमिनीच्या व्यवहारातसुद्धा इसारपावतीवर व्यवहार पुरा करण्याची मुदत लिहिलेली असते.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात असमाधानी ग्राहकापुढचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक, सोडून जाणे. दुसरा, आवाज उठवणे. बाजाराचे भक्त पहिल्या मार्गाचे गोडवे गातात: दुकान आवडले नाही, शेजारच्या दुकानात जा. आगाऊ रक्कम घेण्याच्या पद्धतीत हा पहिला मार्ग अर्धा बंद होतो, कारण रांग सोडली की आजवरची वाट पाहणे फुकट जाते. माहिती न देण्याच्या पद्धतीत दुसराही बंद होतो, कारण आवाज कोणापुढे उठवायचा तेच कळत नाही. याचे विनोदी वाटावे असे उदाहरण त्याच कंपनीने पुरवले आहे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या ‘रोडस्टर’ गाडीसाठी सॅम ऑल्टमन यांनी २०१८ मध्ये नोंदणी केली होती. ती रद्द करण्यासाठी पाठवलेला ईमेल, असा पत्ताच नाही म्हणून परत आल्याचे त्यांनी २०२५ च्या ऑक्टोबरात स्वत:च प्रसिद्ध केले. त्यांचे पैसे लगोलग परत केल्याचे मस्क यांनी नंतर सांगितले खरे. पण एवढी तत्परता लाभायला माणूस ऑल्टमन असावा लागतो.

आता एका अडचणीच्या आठवणीकडे वळणे भाग आहे, कारण विरोधक ती काढणारच. परवान्यांच्या काळात या देशात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. आकुर्डीच्या स्कूटरचा नंबर लागणे हा घरातला मंगल प्रसंग असे, आणि नंबर लागलेली स्कूटर त्याच दिवशी चढ्या भावाने विकणारे महाभागही होते. हे सारे समाजवादाच्या माथी मारले गेले. समाजवादी म्हणवणाऱ्या पूर्व युरोपीय देशांतही मोटारीसाठी दहा-दहा वर्षे रांगा होत्या. हंगेरीच्या यानोश कोर्नाय यांनी १९८० मध्ये त्या टंचाईचे केलेले विश्लेषण डाव्यांनी मोकळ्या मनाने वाचायला हवे होते, ते फारसे वाचले गेले नाही. विक्रेता श्रेष्ठ आणि ग्राहक याचक, असे नाते टंचाईतून जन्मते आणि त्याला मालकीचा रंग नसतो. परंतु त्या बदनाम व्यवस्थेत एक गोष्ट होती. मोटारी आणि स्कूटर यांच्या वाटपाविषयी १९५९ आणि १९६० मध्ये काढलेल्या नियंत्रण आदेशांनुसार नोंदणीची ठेव पोस्टाच्या बचत खात्यात, अर्जदाराच्या नावावर राही आणि विक्रेत्याकडे ती फक्त तारण असे. नोंदणीला क्रमांक होता. १९८३ मध्ये मारुतीसाठी दहा हजार रुपये भरून घेतले, तेव्हाही क्रमांक सोडतीने ठरले. क्रमांक पुढे-मागे करणारे वशिले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वशिल्याविरुद्ध तक्रार करता येई ती क्रमांक अस्तित्वात होता म्हणूनच. मुक्त बाजाराने रांग संपवल्याचा डांगोरा १९९१ नंतर पिटला गेला. विजेच्या गाड्यांच्या बाबतीत रांग परत आली आहे. क्रमांक तेवढा परत आलेला नाही.

साठ लाखांची मोटार घेणाऱ्याच्या दु:खाशी कष्टकऱ्यांच्या पक्षाला काय कर्तव्य, असा प्रश्न कार्यकर्त्याच्या मनात येईल. तो रास्त आहे. मात्र हीच रीत खाली कशी झिरपते ते पाहावे. २०२१ च्या जुलैत ओला इलेक्ट्रिकने आपल्या दुचाकीची नोंदणी अवघ्या ४९९ रुपयांत खुली केली आणि पहिल्या चोवीस तासांत एक लाख लोकांनी पैसे भरले. ही माणसे मोटारवाली नव्हेत. पेट्रोलचा खर्च वाचवू पाहणारे कारकून, विद्यार्थी, घरोघरी माल पोचवणारे तरुण त्यांत होते. पुढे विक्री वाढली तशा तक्रारीही वाढल्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या दहा हजारांहून अधिक तक्रारींच्या आधारे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ च्या ऑक्टोबरात त्या कंपनीला नोटीस बजावली. दुरुस्तीतील दिरंगाईबरोबर नव्या गाडीच्या ताब्यातील विलंब हाही त्या तक्रारींचा विषय होता. जवळजवळ सर्व तक्रारी मिटवल्याचा दावा कंपनीने केला.

त्याही खाली एस. टी. चा प्रवासी उभा आहे. राज्य परिवहन महामंडळाने विजेवरच्या ५१५० बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार एका खासगी कंपनीशी केला. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे बस येईनात, तेव्हा २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तो करार रद्द करण्याची कार्यवाही करण्याचे आदेश दिले. ज्या आगारात जुनी गाडी मोडीत निघाली आणि नवी आली नाही, तेथील प्रवाशाने कसलीही नोंदणी केलेली नाही, म्हणून त्याला परत करायला कोणाकडे एक हजार डॉलरही नाहीत. पहिली फेरी का बंद झाली हे चौकशीच्या खिडकीतल्या कर्मचाऱ्याला ठाऊक नसते आणि शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागतात.

मोटारींच्या दालनातही हेच घडते. तेथे टाय लावून उभा असलेला पंचविशीतला विक्रेता हा पगाराहून अधिक विक्रीमागच्या कमिशनवर जगणारा कामगार आहे. नोंदणी घेतली की त्याचे लक्ष्य पुरे होते. गाडी कधी येईल हे त्याचे मालक त्याला सांगत नाहीत आणि कित्येकदा त्याच्या मालकालाही कारखाना सांगत नाही. ‘पुढच्या आठवड्यात सांगतो’ हे वाक्य तो खोटेपणाने उच्चारतो असे नाही. त्याच्याजवळ दुसरे वाक्यच नसते. ग्राहक त्याच्यावर डाफरतो, तो नंतर फोन उचलणे बंद करतो, आणि माहिती दडवणारा यांपैकी कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. खरी कारणे पुष्कळदा सांगण्याजोगी असतात. २०२१-२२ मध्ये सेमीकंडक्टर चिपांचा जगभर तुटवडा होता. २०२५ च्या एप्रिलात चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि विजेच्या मोटारींचे भारतातील उत्पादन अडचणीत आले. यात लपवण्यासारखे काय होते? तारीख सांगितली की ती पाळण्याची जबाबदारी येते, एवढेच.

कायद्याला या प्रश्नाची अगदीच जाण नाही असे नव्हे. कंपन्यांनी ठेवी स्वीकारण्याविषयीचे २०१४ चे नियम सांगतात की मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर तिला ठेव मानावे. तत्त्व मान्य झाले आहे: वर्षानंतर तो इसार उरत नाही, ते कर्ज होते. परंतु हे नियम कंपन्यांना लागू आहेत, आणि नोंदणीची रक्कम घेणारा गावोगावचा विक्रेता पुष्कळदा भागीदारी पेढी असतो. कॅलिफोर्नियातल्या खात्यात डॉलरमध्ये जमा झालेल्या रकमेपर्यंत तर या नियमांचा हात पोचणे कठीणच. ऑनलाइन विक्रीविषयीचे २०२० चे नियम तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात मागतात. पोच हल्ली यंत्रच धाडते, आणि ती तत्परतेने येते.

मागणी करायची ती यापुढची असली पाहिजे. वाहनासाठी घेतलेली प्रत्येक आगाऊ रक्कम, ती कोणीही घेतलेली असो, ग्राहकाच्या नावाने वेगळ्या बँक खात्यात राहावी. पावतीवर क्रमांक आणि ताब्याची तारीख असावी. तारीख टळली तर त्या दिवसापासून व्याज चालू व्हावे आणि टळण्याचे कारण लेखी यावे. एस. टी. च्या करारांतील बसपुरवठ्याचे वेळापत्रक प्रत्येक आगाराच्या फलकावर लावावे, आलेल्या आणि न आलेल्या गाड्यांच्या संख्येसह. पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले तेव्हा अशा मागण्यांसाठी दुकानांच्या दारांत उभे राहावे लागले होते. तालुक्याच्या ठिकाणी विजेच्या दुचाकींची दालने आता दिसू लागली आहेत. त्यांच्या ग्राहकांजवळच्या पावत्या गोळा करून त्यांवर कोणत्या तारखा लिहिल्या आहेत आणि कोणत्या जागा कोऱ्या आहेत हे पाहण्याचे काम शाखांना या महिन्यातच सुरू करता येईल, आणि दालनात काम करणाऱ्या मुलांना त्यात वगळण्याचे कारण नाही.