कापूस पोचतो, माणूसही पोचला पाहिजे

कापसाचा भाव पडला की आपण रस्त्यावर उतरतो. रस्ता अडवतो, लाठ्या खातो, वेळ आली तर तुरुंगातही जातो. त्याच रस्त्यावरून एखादा ड्रायव्हर झिंगलेल्या अवस्थेत वीस बायामाणसांना टेम्पोत कोंबून भरधाव जातो, तेव्हा मात्र आपण कडेला उभे राहून "आज जास्तच झालेली दिसते" एवढे म्हणतो आणि तंबाखू मळत बसतो. सरकारपुढे न वाकणारा शेतकरी दारू प्यालेल्या ड्रायव्हरपुढे मुका का होतो, याचा विचार जिल्हा बैठकीत व्हावा म्हणून हा विषय या वेळी अग्रलेखात घेतला आहे.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, आधी हिशेब मांडू. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली. म्हणजे आपल्या राज्यात रोज चाळीसच्या वर. सगळी काही दारूने मेली नाहीत. वेग आहे, खड्डे आहेत, बिनदिव्याच्या ट्रॉल्या आहेत, झोप आहे, कानाला लावलेला मोबाइल आहे. पण यातली बरीच कारणे अपघाताच्या आधीच कोणाच्या तरी डोळ्यांना दिसलेली असतात. ज्याला दिसली तो बोलला नाही, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या कोरडवाहू भागात हा धोका हंगामासारखा येतो. दसऱ्याच्या आसपास वेचणी लागते ती फरदड संपेपर्यंत. सकाळी मजूर बायांना शेतावर नेणारी गाडी, संध्याकाळी त्यांना परत आणणारी गाडी, रात्री कापूस भरून जिनिंगकडे निघालेली गाडी, आणि पहाटे रांगेत थंडीने कुडकुडणारा ड्रायव्हर. पुष्कळदा या चारही ठिकाणी माणूस एकच असतो. त्याला पगार नसतो, पैसे खेपेवर असतात. दोन खेपा झाल्या तर घर चालते, तीन झाल्या तर हप्ता फिटतो. तिसऱ्या खेपेला डोळे मिटू लागतात, थंडी वाजते, मग नाक्यावर एक क्वार्टर पोटात जाते. पुढे ज्वारीची काढणी येते, मळणीयंत्रे एका गावाहून दुसऱ्या गावी रात्रीची हलू लागतात आणि तोच प्रकार पुन्हा.

आपण गप्प का बसतो?

पहिले कारण, तो आपलाच माणूस असतो. भाऊकीतला, शेजारचा, लग्नकार्यात पंगतीला बसणारा. त्याच्यावर पोलीस घालायचे म्हणजे घरभेदीपणा, असे वाटते. पण ट्रॉलीत बसलेल्या बाया कोणाच्या? त्याही आपल्याच. एकाला वाईट वाटू नये म्हणून वीस जणींचा जीव टांगणीला लावायचा, याला माणुसकी म्हणत नाहीत.

दुसरे कारण, त्याच्या पोटावर पाय येईल. हे कारण खोटे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. खेपेवर जगणाऱ्या माणसाला ही रक्कम जड आहे. पण याच माणसाच्या हातून कोणी मेले तर काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडविधानात ती दोन वर्षे होती. दहा हजारांत सुटणाऱ्याला आपण गप्प बसून पाच वर्षांच्या दारात नेऊन सोडतो. खबर देणारा त्याचा वैरी नाही.

तिसरे कारण पोलीस. त्यांना सांगून उपयोग काय, नाक्यावर पाकीट घेतील आणि सोडतील. हा अविश्वास शेतकऱ्याने अनुभवातून कमावला आहे, त्याला कोणी उपदेश करू नये. पण म्हणूनच कायदा माहीत हवा. कलम १८५ चा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटत नाही, तो कोर्टात जातो. त्या गुन्ह्यासाठी रस्त्यावर जो पैसा घेतला जातो त्याला दंड म्हणत नाहीत, लाच म्हणतात.

वेळ गेली की पुरावा गेला

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले की उपाय करायचा, हे आता आपल्याकडे शाळकरी पोरही सांगते. बोंड फोडून आत किडलेली सरकी दिसल्यावर फवारणारा शेतकरी औषधाचे पैसे घालवतो आणि कापूसही घालवतो. दारू प्यालेल्या ड्रायव्हरच्या खबरीचे तसेच आहे.

कायद्याने मर्यादा ठरवली आहे ती १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. शरीर ते अल्कोहोल जाळत असते, साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे ज्याच्या रक्तात सात वाजता ६० मिलिग्रॅम होते, तो नऊ वाजता मर्यादेवर येतो आणि दहा वाजता कागदोपत्री शुद्ध होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जाऊन "काल तो प्यालेला होता" असे सांगितले, तर ठाणेदाराने मनात आणले तरी तो काही सिद्ध करू शकत नाही.

दुसरी गोष्ट. कलम २०२ प्रमाणे पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते, पण गुन्हा त्याच्या समक्ष घडत असला पाहिजे. आणि कलम १८५ खाली अटक केल्यापासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्या माणसाला सोडून द्यावे लागते. म्हणजे गाडी चालू असताना, ती कोठे आहे आणि कोणत्या दिशेने चालली आहे हे सांगणारी खबरच कामाची. अपघातानंतरची हळहळ कामाची नाही.

तपासणी झाली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या महागड्या गाडीने दुचाकीवरच्या दोघा तरुण अभियंत्यांना चिरडले. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. साऱ्या देशाचे लक्ष होते म्हणून ते उघडकीस आले. आपल्या फाट्यावरच्या अपघाताकडे कोणाचे लक्ष असते? म्हणून आपल्या प्रकरणात लक्ष आपणच ठेवायचे. फुंकर मारण्याच्या यंत्राने तपासणी झाली का, डॉक्टरकडे किती वाजता नेले, नमुना कधी घेतला, हे त्याच दिवशी विचारायचे आणि लिहून ठेवायचे.

खबर कशी द्यावी

नंबर एकच लक्षात ठेवा, ११२. फोन कोठूनही लागतो, पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही चालतो. जखमी माणसासाठी रुग्णवाहिका १०८.

फोनवर चिडून भाषण करू नका. ठिकाण सांगा: कोणता फाटा, कोणत्या गावाजवळ, कितवा किलोमीटरचा दगड. दिशा सांगा: कोठून कोठे. गाडी सांगा: टेम्पो, ट्रॅक्टर की जीप, रंग, नंबर, आत किती माणसे. आणि जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा: गाडी दोन वेळा रस्त्याखाली उतरली, रात्री दिवे बंद आहेत, उलट्या बाजूने चालली आहे, ड्रायव्हरला उभे राहता येत नव्हते. तो प्यालेला आहे की नाही हे यंत्र ठरवील. तो आजारी असेल, दोन रात्रींचा जागा असेल, तरी खबर वाया जात नाही. गाडी चालवण्यास शरीराने किंवा मनाने असमर्थ असताना चालवणे हाही कलम १८६ खाली गुन्हा आहे आणि बेदरकार चालवणे कलम १८४ खाली.

तीन गोष्टी करायच्या नाहीत. पाठलाग करायचा नाही. गाडी आडवी घालायची नाही. आणि ड्रायव्हरला मारायचे तर मुळीच नाही. दारू प्यालेल्याला झोडपून काढण्यात शौर्य नाही, आणि त्यात मूळ गुन्हा बाजूला पडून गावातली पाच पोरे खटल्यात अडकतात. गाडी नाक्यावर उभीच असेल तर किल्ली काढून घेऊन मालकाला बोलावणे, ओळखीच्या दोघांनी समजावून त्याला घरी झोपवणे, हा सगळ्यांत स्वस्त आणि चांगला उपाय. तो जमत नसेल आणि गाडी निघाली असेल, तर ११२.

बांधाचे भांडण, निवडणुकीचा राग काढण्यासाठी खोटी खबर देणे हाही गुन्हाच आहे. एक खोटी खबर पुढच्या दहा खऱ्या खबरी मारते.

अपघातात मदत करणाऱ्याला मात्र भिण्याचे कारण उरलेले नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते कलम १३४ अ म्हणून कायद्यातच आले. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नावगाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याचीही सक्ती नाही.

मालकाचेही बोलू

आता जरा कडू बोलायचे आहे, कारण आपल्यातलेच पुष्कळ जण ट्रॅक्टरचे आणि टेम्पोचे मालक आहेत. ड्रायव्हर डुलतो आहे हे दिसत असताना "जा रे, एवढी खेप टाकून ये" म्हणणारा मालक निर्दोष नाही. कलम १८४, १८५, १८६ च्या गुन्ह्यांना चिथावणी देणाऱ्याला कलम १८८ प्रमाणे तीच शिक्षा आहे. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती स्टिअरिंग दिले आणि त्याने गुन्हा केला, तर कलम १९९ अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

विम्याचे तर नीट समजून घ्या. मालगाडीत मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस १९९४ च्या दुरुस्तीपासून विम्याच्या कक्षेत आहे. आपला कापूस घेऊन केबिनमध्ये बसलेला शेतकरी त्यात बसतो. पण मालगाडीत प्रवासी म्हणून बसवलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केले. ड्रायव्हर प्यालेला असेल तर गाडीचे स्वतःचे नुकसान कंपनी देत नाही, आणि तिसऱ्या माणसाला दिलेली भरपाई ती मालकाकडून वसूल करू शकते. ट्रॉली उलटली आणि चार बाया गेल्या, तर ती रक्कम मालकाच्या जमिनीतून निघते. कर्जाने गेली नाही ती जमीन एका खेपेने जाते. आणि भरपाई मिळाली तरी त्या चार घरांचे जे गेले ते परत येत नाही.

बैठकीपुढे ठराव

प्रत्येक तालुक्याने चर्चा करून घ्यावेत, असे पाच ठराव मांडतो.

एक: वेचणीच्या हंगामात मजुरांची वाहतूक प्यालेल्या ड्रायव्हरच्या गाडीतून होणार नाही. गाडीत बसायचे नाही हे सांगण्याचा पहिला अधिकार बायांचा, आणि त्या दिवशीची त्यांची मजुरी बुडणार नाही याची हमी शेतमालकाची.

दोन: ड्रायव्हरला खेपेऐवजी दिवसाचा रोज ठरवावा, आणि रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विश्रांतीशिवाय पुन्हा गाडीवर बसवू नये. जिनिंगवाल्यांकडे ड्रायव्हरसाठी शेड आणि चहापाण्याची मागणी करावी.

तीन: ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या आणि चालू दिवा असल्याशिवाय गावातून कापूस भरू नये.

चार: ११२ आणि १०८ हे नंबर ग्रामपंचायतीच्या, जिनिंगच्या आणि बाजार समितीच्या भिंतीवर रंगवावेत.

पाच: तपासणीचे यंत्र हंगामात चालू स्थितीत आहे का, हे प्रत्येक ठाण्याला लेखी विचारावे. ऑक्टोबर ते मार्च या काळात कलम १८५ खाली किती गुन्हे नोंदवले, याची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावी. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. खबर देऊनही गाडी सोडली गेली, तर तारीख-वेळेसह तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवावी आणि तिची प्रत पुढच्या बैठकीत आणावी.

सरकारने आपल्यासाठी काय करावे याची यादी आपण नेहमी करतो, ती केलीच पाहिजे. ही यादी आपण आपल्यासाठी काय करावे याची आहे. बियाणे, खत, फवारणी, मजुरी या सगळ्याचा खर्च आपण वहीत लिहितो. रस्त्यावर गेलेल्या माणसासाठी त्या वहीत रकाना नाही. यंदाच्या हंगामात तो रकाना कोरा राहावा एवढ्यासाठी एक फोन करायला मागेपुढे पाहू नका.