गुरुवारचा तास आणि अठरा हजारांचा माइक

दर गुरुवारी दुपारी चार वाजता मी आमच्या मधल्या खोलीतून यूट्यूबवर लाइव्ह असते. आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हणते, त्यातले जुने शब्द उलगडून सांगते. ऐकणाऱ्या साठ-सत्तर जणी. साधन म्हणाल तर मोबाइल आणि पदराला अडकवलेला आठशे रुपयांचा कॉलर माइक. परवा एकीने लिहिलं, ‘ताई, ओवी छान, पण कुकरची तिसरी शिट्टी जास्त स्पष्ट ऐकू आली.’

हसले खरी, पण लागलं. भिशीचे वीस हजार नुकतेच हातात आले होते. मुलाने लगेच यादी केली : कंडेन्सर माइक, त्याला ४८ व्होल्ट पुरवणारा इंटरफेस, स्टँड. बेरीज अठरा हजार. ह्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “यातनं मिळतं किती?” गेल्या वर्षी मुलाने गेम खेळायला खास खुर्ची घेतली, तेव्हा हा प्रश्न घरात कुणालाच सुचला नव्हता. असो.

आमच्या भजनी मंडळाचा साऊंड सांभाळणारा भाचा आहे. त्याच्याकडून तसला माइक एका दिवसासाठी आणला. मुद्रण ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पंख्याची घरघर, बाहेरची रिक्षा, सासूबाईंच्या बांगड्या, सगळं हजर! भाचा म्हणाला, “मावशी, हा बारीकसारीकही टिपतो. शांत खोलीत सोनं, इथं डोकेदुखी.”

मग जुन्याच माइकवर प्रयोग केले. पंखा बंद. समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, आवाजाचं घुमणं कमी झालं. माइक पदरावरून गळ्याजवळ घेतला. अंतर निम्मं झालं की आपला आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि कुकर असतो तिथेच राहतो. शिवाय माझ्या बहुतेक मैत्रिणी भाकऱ्या थापताना फोनच्याच स्पीकरवर ऐकतात. अठरा हजारांतला बारकावा तिथवर पोचणार किती?

पण कुकर उरलाच. सासूबाई संध्याकाळची डाळ चारलाच लावतात. खरं सांगू? अठरा हजार मोजायला मी तयार होते, पण ‘तासभर कुकर लावू नका’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. आपण बायका घराला त्रास नको म्हणून आपल्या कामाभोवती वाटा शोधत बसतो, आणि मग दुकानदाराचं फावतं. शेवटी धीर करून म्हटलं, “आई, गुरुवारची डाळ पाचनंतर लावूया का?” त्या म्हणाल्या, “मग आधी नाही का सांगायचंस!” आणि वर एका ओवीतला माझा चुकलेला शब्दही सुधारला.

म्हणून पैसे खर्चूच नयेत असं माझं म्हणणं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही झाल्या, म्हणून ते आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतात. बाईच्या आवाजावर वेळ आणि पैसा घालणं हे कुणाला तरी योग्य वाटलं होतं. मग मी माझ्याच आवाजावर खर्च करताना ‘मिळतं किती’चा हिशेब का द्यावा?

माझ्यापुरतं ठरलंय. डायनॅमिक जातीचा माइक तोंडाजवळ धरावा लागतो, पण लांबचे आवाज फारसे उचलत नाही. पाच हजारांच्या आतला एक पाहून ठेवलाय, दिवाळीनंतर घेईन. तोवर गोधड्या आहेतच. आणि हो, गुरुवारी चारला आमची बेल वाजवू नका, पाचनंतर चहालाच या.