न्याहारीच्या घरापुढे लॉन नको, वाडी हवी

मे महिना हा कोकणातल्या घरगुती निवासांचा सुगीचा महिना, आणि त्याच गावांतल्या विहिरी तळ गाठतात तोही मेच. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि ‘निवास व न्याहारी’ योजनेने राहत्या घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देण्याची वाट अनेक कुटुंबांसाठी सोपी केली. बाहेरच्या भांडवलाशिवाय गावातल्या माणसाच्या हाती पैसा ठेवणारा हा व्यवसाय आहे आणि तो वाढलाच पाहिजे. पण तो वाढताना घरापुढचे खळे आणि मागची वाडी यांची जागा लॉन घेऊ लागले आहे. गवताचे गालिचे, कडेला विकतची शोभेची झाडे आणि सकाळ-संध्याकाळ फिरणारे फवारे, हे दृश्य किनाऱ्यावर आता नवे राहिलेले नाही. माझे म्हणणे असे की, न्याहारीच्या घराला बाग हवीच, पण ती वाडीच्या वळणाची हवी. लॉन पाण्याच्या हिशेबातही तोट्याचे आणि धंद्याच्या हिशेबातही.

आधी पाणी पाहू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात गवत हिरवे ठेवायचे तर दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे एका गुंठ्याला रोज पाचशे लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. एका गुंठ्याचे लॉन नऊ माणसांचे पाणी पिते, आणि दोन महिन्यांत त्याच्या पोटात दहा-दहा हजार लिटरचे तीन टँकर जातात. आता त्याच गुंठ्यात वाडी धरा. पंचवीस फुटांच्या अंतराने तिथे जेमतेम दोन माड बसतात, आणि ठिबकने एका माडाला रोज तीस-चाळीस लिटर पुरतात. बुंध्याभोवती नारळाची सोडणे पुरली आणि वर पातेऱ्याचा जाड थर दिला, तर ओल जास्त दिवस टिकते. हळद, आले, सुरण ही तर पावसाची पिके. ऐन उन्हाळ्यात त्यांचे कंद घरात तरी असतात किंवा नुकतेच मातीत गेलेले असतात, शिंपणे मागत नाहीत. अळू आणि केळ न्हाणीच्या पाण्यावर पोसायची, ही घरोघरची जुनी रीत. पाहुण्यांनी भरलेल्या घरात न्हाणीच्या पाण्याला तोटा नसतो. साबण-शाम्पूचे पाणी आधी वाळू-खडीच्या खड्ड्यातून जाऊ दिले म्हणजे झाले. पाहुणे वाढले की लॉन असलेल्या घरात पाण्याची ओढाताण वाढते आणि वाडी असलेल्या घरात अळूला पाणी जास्त मिळते, एवढा हा साधा फरक आहे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: विहीर आमची, पंप आमचा. विहीर आपली असली तरी खालचे पाणी आपल्या कुंपणापुरते नसते. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारा हा प्रदेश उन्हाळ्यात तहानतो, कारण जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने निथळते आणि तीव्र उतारावरून समुद्राला मिळते. किनाऱ्यालगतच्या पुळणीत तर आणखी एक धोका आहे. तिथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर सरकते, विहीर मचूळ होते, आणि ती फक्त उपसणाऱ्याचीच होते असे नाही.

पण पाण्यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते घरापुढचे खळे. शेणाने सारवलेली ती जागा लॉनवाल्यांना रिकामी वाटते. खरे तर उन्हाळ्यात घरातली सर्वांत कामाची जागा तीच. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात. ते फोडून बिया आणि गर वेगळा काढतात, साली उन्हात घालतात, मग त्याच फळाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात घालतात. असे अनेकदा केल्यावर ती साल काळपट, मऊ, चिकट होते आणि तिला सोल म्हणतात. रसात मीठ घालून आगळ होते. बियाही वाया जात नाहीत, त्यांचे मुठेल निघते, भेगाळलेल्या टाचांना लावायला. त्याच खळ्यावर ताटांतून आंबापोळी आणि फणसाची साठे वाळतात, काजूबिया पसरतात, तांदळाचे पापड पडतात. मृगाआधी हे सगळे उरकायचे असते, म्हणून ऐन हंगामात घराला ऊन पडणारी कोरडी, कडक जमीन लागते. गवताच्या ओल्या गालिच्यावर सोले वाळत नाहीत. खळे गेले की त्या घरातले सरबत बाटलीतून येते, सोलकढी दुकानातल्या आगळाची होते, आणि पाहुणा जाताना जे चार डबे विकत घेऊन गेला असता ते दुसऱ्याच कोणाचे होतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. ते ज्या झाडाचे, तेच तोडून गवत लावणे हा व्यवहार कोणत्याच वहीत बसत नाही.

पाहुण्यांनाच लॉन आवडते, फोटोत ते उठून दिसते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. खोली फोटो पाहूनच ठरते. पण मेच्या दुपारी अकरा ते चार लॉनवर कोणी बसत नाही. त्या वेळी खुर्च्या फणसाखाली किंवा पडवीतच ओढल्या जातात. तेव्हा फोटो त्या सावलीचा घ्यावा. पातेऱ्यात साप-विंचू येतील ही भीतीही खरी आहे. म्हणून तर खळे रोज झाडून स्वच्छ ठेवायचे आणि पातेरा वाडीतच, आळ्यांपुरता ठेवायचा, ही जुनी वाटणी मोडू नये. माडाखाली झोपाळे टांगू नयेत आणि नारळ वेळेवर उतरवावेत, हेही आलेच. चढणारा माणूस मिळत नाही ही अडचण आहे, पण शिडी आणि चढण्याची यंत्रे आता उपलब्ध आहेत. माकडांचा प्रश्न मात्र सर्वांत कठीण. केळी, पपई, कोवळे नारळ त्यांच्यापासून वाचवताना लोक हैराण झाले आहेत, आणि काहींनी वाडी सोडली ती याच कारणाने. त्यांना दोष देता येणार नाही. अशा गावांत भर द्यावा तो सहसा माकडे तोंड लावत नाहीत अशा पिकांवर: हळद, आले, सुरण, मिरी, दालचिनी. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने मांडलेली ‘लाखीबाग’ मुळात मसाल्यांचीच आहे: माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, लवंग, मिरी. दालचिनीचे पान चुरगळून वास घेताना शहरातल्या मुलाचा चेहरा कसा होतो, ते कोणतेही लॉन घडवू शकत नाही. राहिला प्रश्न वेळेचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या पोफळी आणि माड आडवे झाले. नवी झाडे भरात यायला सहा-सात वर्षे जातात, आणि तोवर जागा ओसाड दिसू नये म्हणून गवताचा मोह होतो. पण अळू एका पावसात भरते, केळ वर्षभरात घड देते, मांडवावर चढवलेले पडवळ दोन-अडीच महिन्यांत लोंबू लागते. तेवढी सोबत वाढत्या पोफळींना पुरते.

शासनाकडे मागणी एकच आहे. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेत आणि पाहुणा यांची सांगड घातली. तोच विचार घरगुती निवासाच्या नोंदणीत आणावा: उन्हाळ्यात बागेला पाणी कुठून येते आणि न्हाणीचे पाणी कुठे जाते, हे दोन प्रश्न अर्जात असावेत, आणि वाडी राखणाऱ्या घराला प्रसिद्धीत आधी स्थान द्यावे. पण हे होईपर्यंत थांबायची गरज नाही, कारण घरमालक शेवटी पाहुण्याचेच ऐकतो. पुढच्या मेमध्ये कोकणात खोली ठरवताना एसी आहे का, हे विचाराल तेव्हा एवढे आणखी विचारा: सरबताचे कोकम घरच्या झाडाचे आहे का?