१९४७ क्रमांकाचा दरवाजा

कुर्ल्यात राहणारा माझा आतेभाऊ संगणकावर एम्ब्रॉयडरीची डिझाइन तयार करतो. ईदच्या आधी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. अशाच गडबडीत त्याचा फोन आला. "भाई, मशीनमध्ये काहीतरी शिरलंय. फायरवॉलच्या यादीत १९४७ दिसतंय. कुणी मुद्दाम टाकलं असेल का?"

मी हसलो, पण त्याची भीती मला कळली. हा आकडा पाहिल्यावर आपल्या देशात कुणालाही तो नुसता आकडा वाटत नाही. इथे मात्र तो निव्वळ योगायोग आहे.

संगणकाला नेटवर्कवर बोलण्यासाठी पोर्ट लागतात. त्यांना दरवाजांचे क्रमांक म्हणा. ० ते ६५५३५ असे हे क्रमांक असतात. १०२३ पर्यंतचे वेब, ईमेल अशा नेहमीच्या कामांचे. १०२४ ते ४९१५१ हे नोंदणीकृत, म्हणजे कुणीही अर्ज करून 'आयाना' या संस्थेच्या वहीत आपल्या सेवेचे नाव लिहून घ्यावे. नाव लागले म्हणून मालकी मिळत नाही, दुसरा प्रोग्रामही तोच क्रमांक वापरू शकतो. त्या वहीत १९४७ समोर 'सेंटिनेल एसआरएम' असे नाव आहे. सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारी ही व्यवस्था. हिचे मूळ 'हॅस्प' नावाच्या डोंगलमध्ये, ते इस्रायलच्या अलादीन कंपनीचे. पुढे ती कंपनी सेफनेटकडे, मग जेमाल्टोकडे आणि २०१९ मध्ये थालेसकडे गेली. हॅस्प म्हणजे 'हार्डवेअर अगेन्स्ट सॉफ्टवेअर पायरसी'. नावातच संशय आहे.

काम साधे आहे. एका कार्यालयात दहा संगणक आहेत आणि परवाने पाचच घेतले आहेत. डिझाइनचा प्रोग्राम उघडला की तो नेटवर्कवर हाक मारतो, "परवाना कुणाकडे आहे?" ज्या संगणकाला डोंगल लावलेले असते तो १९४७ वरून उत्तर देतो. पाच जण बसले की सहाव्याला नकार. एकाने प्रोग्राम बंद केला की जागा मोकळी. ज्यांच्याकडे हे डोंगल आहे त्यांनी ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग कोलन, मग १९४७ टाइप करून पाहावे; सगळा हिशेब मांडलेले एक पान उघडते.

मला कुलूप लावण्याबद्दल तक्रार नाही. दोन-चार माणसांच्या कंपनीने वर्षानुवर्षे खपून केलेला प्रोग्राम पन्नास रुपयांच्या सीडीवर विकला जाताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. (मी त्या सीड्या घेतल्याही आहेत, खोटे का बोलू.) माझी तक्रार न सांगण्याबद्दल आहे. जानेवारी २०१८ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी याच व्यवस्थेत १४ दोष सापडल्याचे जाहीर केले. त्यातली एक गोष्ट मला दोषांपेक्षा जास्त खटकली. डोंगल पहिल्यांदा लावताना ड्रायव्हर बसतो आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये १९४७ ला सूट मिळते, वापरणाऱ्याला धड सूचना न देता. डोंगल काढून खिशात घातले तरी पोर्ट उघडाच राहतो. दोष सुधारणारी नवी आवृत्ती कंपनीने काढली. पण जुना ड्रायव्हर घेऊन चालणाऱ्या दुकानात ती कोण बसवणार?

आणि हे भोगतो कोण? ज्याने पैसे मोजले तो. चोरीची प्रत वापरणाऱ्याच्या संगणकात परवाना विचारणारे कुणी नसते (त्याच्याकडे दुसरे विषाणू असतील, ते वेगळे). बिल खरे, माणूस खरा, तरी रोज सकाळी पुरावा त्यानेच दाखवायचा. विकणाऱ्याने निदान बिलामागे एक ओळ छापावी की या प्रोग्रामबरोबर अमुक सेवा बसेल, अमुक पोर्ट उघडेल, एकच संगणक असेल तर तो बाहेरून बंद ठेवा. माझ्या भावाला विकणाऱ्याने यातले काहीच सांगितले नव्हते. फोन केला तर म्हणाला, "तुम्ही हात लावू नका."

आम्ही हात लावला. त्याच्याकडे संगणक एकच, डोंगल त्यालाच लावलेले, नेटवर्कवरून परवाना कुणाला द्यायचा नाही. फायरवॉलमधली सूट काढली, नवा ड्रायव्हर बसवला. प्रोग्राम पूर्वीसारखाच उघडला. आता त्याला काळजी आहे ती डोंगलची. ते रोज रात्री काढून तो घरी नेतो. हरवले तर विकणारा नव्याने पूर्ण किंमत घेणार, हे मात्र त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते.