नकाशापूर्वीं माणसें

घर बांधून झाल्यावर वास्तुतज्ज्ञाला बोलवावें आणि भिंतीला रंग कोणता द्यावा एवढेंच त्याला विचारावें, ही आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाची रीत पाहिली म्हणजे रोग्याला तिरडीवर बांधल्यावर वैद्याकडे माणूस पिटाळणाऱ्या गृहस्थाची आठवण होते. जागेच्या अडचणीवर पैसे मोजून सल्ला घेणें ही श्रीमंतांची चैन होय, अशी या वर्गाची ठाम समजूत आहे. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. ज्याच्यापाशीं दहा खोल्या आहेत, त्याची एक चुकली तरी बिघडत नाहीं. ज्याच्यापाशीं दीडच आहे, त्याला चूक परवडत नाहीं.

'आमच्या आजोबांनीं सल्लागारावांचून वाडे बांधले,' असें कोणी म्हणेल. खरें आहे. पण त्या वाड्याचा गवंडी गांवांतलाच होता. घरांत माणसें किती, गुरें किती, बाळंतिणीची खोली कोठें, हें त्याला न सांगतां ठाऊक होतें. आज बांधणारा आणि राहणारा यांची तोंडओळखहि नसते. मग हें विचारून घेणारा कोणी नको काय?

नव्या मुंबईंतील बेलापूरची वसाहत पाहा. १९८३ ते १९८६ या काळांत चार्ल्स कोरिया यांनीं ती रचली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. सात-सात घरें एकेका चौकाभोंवतीं. आणि कोणत्याहि दोन घरांची भिंत सामायिक नाहीं. ही शेवटची गोष्ट कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु मुलाचें लग्न ठरलें, खोली वाढविणें भाग पडलें, तर शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावतां ती वाढवितां येते. जागा थोडी, माणसें वाढतीं, पैसा थोडथोडा येणारा, या तिन्ही अडचणींचें उत्तर त्या सुट्या भिंतींत आहे. पुढें रहिवाशांनीं कित्येक मूळ घरें पाडून मोठीं बांधलीं, म्हणून योजना फसली असें म्हणणारे म्हणोत. आम्हांला तोच तिच्या यशाचा पुरावा वाटतो. इंदूरच्या अरण्य वसाहतींत बाळकृष्ण दोशी यांनींहि गरिबांच्या घराची सुरुवात तेवढी करून दिली. पुढचें ज्याचें त्यानें, ऐपतीप्रमाणें.

अर्थात् सल्लागार म्हणविणारे सगळेच असे नसतात. एकच नकाशा दवाखान्याला, शाळेला आणि सासुरवाडीला खपविणारेहि आम्हीं पाहिले आहेत. आम्ही जेथें शिकवितों, तेथील नवें वाचनालय अशाच एका नामांकितानें आंखलें. ग्रंथपालाची त्यानें एकदांहि गांठ घेतली नाहीं. पश्चिमेला भिंतभर कांच! दुपारीं तीननंतर मुलें टेबलें सोडून जिन्यावर वाचीत बसतात. मग पडदे आले, आणि पडद्यांमागून भर दिवसा दिवे.

आतां वसतिगृहाचें घाटत आहे. समितींत बसण्याची विनंती आली, तेव्हां आम्हीं एकच अट घातली: नकाशा काढणारानें आधीं चार दिवस जुन्या वसतिगृहांत मुलांबरोबर राहावें. अट अद्याप मान्य झालेली नाहीं.