वारसा राखावयाचा कोणी?

मावळातील लोहगड अन्य ११ दुर्गांसह २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. चिंचवडचा चापेकर वाडाही स्मारकरूपाने उभा आहे. परंतु १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या पुनावळ्यासारख्या गावांतील देवळास, वाड्यास, पारास वाली कोण?

राज्यघटनेचे ४९ वे कलम सरकारवर जे बंधन घालते, ते राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंपुरतेच आहे; गावचा पार त्यात बसावयाचा नाही. पण ५१-क कलमाने वारसा जपण्याचे कर्तव्य प्रत्येक नागरिकावर टाकले आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

कोणी म्हणतील, उंच इमारतींत राहावयास आलेल्या परगावच्या माणसास या पाराचे काय? आमच्या मते त्यासच त्याची अधिक गरज आहे. ज्या भूमीवर आपले घर उभे, तिची ओळख नसलेला मनुष्य तेथे भाडेकरूच राहतो. मग खरेदीखत कोणाच्या का नावे असेना!

हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. तोच कित्ता येथे गिरवावा. ग्रामस्थांनी सांगावे, नवागतांनी लिहून घ्यावे, शाळकरी मुलांनी जुन्या वास्तूंची चित्रे काढावीत; महापालिकेने त्यांस एक खोली व अल्प साहाय्य द्यावे. वृद्धांबरोबर गेलेली आठवण कोणत्याही न्यायालयाच्या हुकूमनाम्याने परत मिळत नाही.