*तारीख वाढली तरी पावती थांबवू नका*



'जीएसटीची तारीख वाढली' असा मेसेज फिरला की पावत्या यायच्या थांबतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अजून पाच दिवस आहेत ना!"

स्वतः पिकवलेला माल विकायला शेतकऱ्याला जीएसटी नंबर लागत नाही, हे खरं. पण तुमचा कापूस कंपनीने घेतला की त्यावरचा ५ टक्के कर कंपनीला भरावा लागतो. त्याचं बिलही कंपनीच बनवते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते माल आल्यापासून ३० दिवसांत बनवायचं असतं. सरकार वाढवतं ती रिटर्नची तारीख, हे ३० दिवस त्याने वाढत नाहीत. नाव, वजन, भाव पक्का झाल्याशिवाय बिल होत नाही. तुमच्या सहीसाठी पंधरा दिवस थांबलो तर निम्मी मुदत तिथेच गेली.

मुदतवाढ येते तीही ऐनवेळी. जानेवारी २०२५ मध्ये पोर्टल बंद पडलं, तेव्हा ११ तारखेच्या रिटर्नला १३ पर्यंत वेळ दिली, ती १० तारखेला. दिवाळीत २० ऑक्टोबर २०२५ ची तारीख २५ झाली, तीही अगदी तोंडावर. त्या भरवशावर राहणं म्हणजे धूळपेरणी, लागली तर लागली. चुकली तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. हा पैसा शेवटी तुमच्याच भावातून जातो.

आणि वाढ फुकट नसते बरं. २०१७-१८ च्या वार्षिक रिटर्नची तारीख ३१ डिसेंबर २०१८ होती. सरकत सरकत ती फेब्रुवारी २०२० वर गेली. तेव्हा सगळे खूश. पण हिशेबाचं दप्तर त्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावं लागतं. म्हणजे डिसेंबर २०२४ ला संपणारी जबाबदारी फेब्रुवारी २०२६ पर्यंत लांबली. अधिकाऱ्यांना त्या वर्षासाठी कर मागणीचा आदेश काढायला तीन वर्षं होती, तीही त्याच तारखेपासून. वरून कोरोनाचं कारण देऊन ती मुदत ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत नेली. अशा वाढींवरून खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेत. भरणाऱ्याला पाच दिवस आणि खात्याला दहा महिने, हे आम्हाला काही पटत नाही. पण निकाल काय लागायचा तो लागो, आपली कागदं आपल्याकडे पाहिजेत.

म्हणून कापूस मोजला की त्याच दिवशी पावतीवर सही करा. ज्यांचं कृषी केंद्र आहे आणि रिटर्न दर महिन्याला जातं, त्यांनी कंपनीला दिलेल्या औषधाचं बिल ११ तारखेच्या आत टाकावं. नाही टाकलं तर १४ तारखेला ते आमच्याकडे दिसत नाही आणि तेवढा कर कंपनीला त्या महिन्यात खिशातून भरावा लागतो.

पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर चालेल, पण मूळ प्रत रनाळे ऑफिसला आठ दिवसांत आणून द्या.